ओटीपोटाचं जुनं दुखणं: रिपोर्ट नॉर्मल आला, तरी दुखतंच आहे. वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओपीडीत, फोनवर आणि लग्नकार्यात कोपऱ्यात गाठून लोक जे विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं एका स्त्रीरोगतज्ज्ञाची आहेत, त्यामुळे बायकांच्या दुखण्याबद्दल जास्त सापडेल. पुरुषांसाठीचा प्रश्न खाली वेगळा आहे. ही माहिती वाचून डॉक्टरांशी नीट बोलता यावं, एवढाच हेतू. औषधाची चिठ्ठी म्हणून ती वापरू नका.

जुनं दुखणं म्हणजे नेमकं किती जुनं?

बेंबीखाली, जांघेत, माकडहाडाजवळ किंवा लघवी-शौचाच्या जागी सहा महिन्यांहून जास्त काळ दुखत असेल, तर आम्ही त्याला जुनं म्हणतो. काही नव्या व्याख्या तीन महिन्यांवरच थांबतात. रोज दुखायला हवं असं नाही. दर महिन्याला पाळीचे दोन दिवस अंथरूण धरावं लागत असेल, कॉलेज किंवा कामावर खाडा पडत असेल, तर तेही यातच मोडतं. ‘पाळीत सगळ्यांनाच दुखतं’ हे वाक्य ऐकून किती मुलींची किती वर्षं गेली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

सोनोग्राफी नॉर्मल, रक्त नॉर्मल, लघवी नॉर्मल. मग दुखतंय कशाने?

सोनोग्राफीत गाठ दिसते, सिस्ट दिसते, फायब्रॉइड दिसतो, नळीत पाणी असेल तर ते दिसतं. पोटाच्या आतल्या अस्तरावरचे एंडोमेट्रिऑसिसचे (गर्भपिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढतं, तो आजार) बारीक डाग बहुधा दिसत नाहीत. आखडलेला स्नायू दिसत नाही. चिडलेली नस दिसत नाही. लघवीच्या पिशवीची वाढलेली संवेदना तर कोणत्याच फिल्मवर उमटत नाही. म्हणजे ज्या गोष्टींमुळे ओटीपोट सगळ्यात जास्त दुखतं, त्यांतल्या बऱ्याचशा नेहमीच्या तपासण्यांच्या नजरेबाहेरच असतात. ‘रिपोर्ट नॉर्मल’ याचा अर्थ ‘या तपासणीला जे दिसू शकतं ते ठीक आहे’ एवढाच घ्यायचा.

कारणांची यादी लांब आहे: एंडोमेट्रिऑसिस, ॲडिनोमायोसिस (तसंच अस्तर गर्भपिशवीच्या स्नायूत शिरतं, तो आजार), जुना जंतुसंसर्ग, मूत्राशयाचं दुखणं, आयबीएस (आतड्याचं संवेदनशील दुखणं), पोटाच्या भिंतीत अडकलेली नस (सिझेरियनच्या टाक्याच्या टोकाला हे पुष्कळदा सापडतं), ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा ताठरपणा, फुगलेल्या शिरा. गंमत अशी, खरं तर वैताग असा, की एकाच बाईत यातली दोन-तीन एकत्र नांदत असतात. सुरुवात एंडोमेट्रिऑसिसने होते, दुखू नये म्हणून बाई नकळत खालचे स्नायू आवळून धरते, काही वर्षांनी तेच स्नायू स्वतः दुखायला लागतात. मग मूळ आजार काढून टाकला तरी दुखणं उरतं.

शिवाय दुखण्याची बातमी मेंदूपर्यंत नेणाऱ्या नसाच बदलतात. गावात चोर शिरला की कुत्री भुंकतात. चोर पळाला तरी एकदा बिथरलेली कुत्री पान सळसळलं तरी रात्रभर भुंकत राहतात. मज्जासंस्थेचं असंच होतं. भरलेलं मूत्राशय, गॅस, घट्ट सलवारीची नाडी अशा साध्या गोष्टींनाही ती दुखणं म्हणून नोंदवते. दुखणं शंभर टक्के खरं असतं.

मग जायचं कोणाकडे? मी आधीच पाच डॉक्टर केलेत.

पाच डॉक्टर केले, पण पाच फायली झाल्या. अडचण तिथेच आहे. स्त्रीरोगवाल्यांनी पिशवी पाहिली, युरोलॉजिस्टने लघवी पाहिली, पोटवाल्यांनी आतडं पाहिलं, हाडांच्या डॉक्टरांनी कमरेचा एमआरआय काढला. प्रत्येकाने ‘माझ्या विभागात काही नाही’ म्हणून सोडलं. मधल्या जागेत स्नायू आणि नसा राहून गेल्या.

या दुखण्यात खरा विशेषज्ञ म्हणजे एक छोटा चमू असतो: स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा युरोलॉजिस्ट, पेल्व्हिक फ्लोअरचं (ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं) काम येणारी फिजिओथेरपिस्ट, पेन स्पेशालिस्ट (हे बहुतेक मूळचे भूलतज्ज्ञ असतात, पुढे वेदनाशास्त्राचं वेगळं शिक्षण घेतलेले), आणि गरजेप्रमाणे पोटाचे डॉक्टर व मानसोपचारतज्ज्ञ. हे सगळे एका छताखाली क्वचितच भेटतात. पण एक डॉक्टर धरा, जो बाकीच्यांच्या चिठ्ठ्या वाचेल आणि सगळं एका कागदावर आणेल. सहावा नवा डॉक्टर शोधण्यापेक्षा हे जास्त उपयोगाचं आहे.

मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल, गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज अशा मोठ्या सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयांत यांतले बरेच विभाग एकाच आवारात असतात. रांग लागते, हे खरं. पण इकडून तिकडे कागद घेऊन जाणं तरी एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत होतं. तालुक्याच्या गावी असाल तर तिथल्या डॉक्टरांकडून संदर्भ-चिठ्ठी घ्या आणि त्यात ‘पेल्व्हिक फ्लोअर तपासणीसाठी’ असं स्पष्ट लिहायला सांगा.

पहिल्या भेटीत नेमकं काय करतात?

आधी ऐकतात. किमान अर्धा तास. पाच मिनिटांत ‘पिशवीला सूज आहे’ असं सांगणाऱ्या ठिकाणी थोडं सावध राहा. हे निदान आपल्याकडे फार सैल हाताने वाटलं जातं.

मग तपासणी. पोटापासून सुरुवात. ‘एका बोटाने दाखवा, कुठे दुखतं?’ असं विचारलं जातं. तिथे बोट ठेवून डॉक्टर सांगतात, आता मान आणि खांदे उचला. पोट आवळल्यावर दुखणं वाढलं तर ते बहुधा पोटाच्या भिंतीचं, म्हणजे स्नायूचं किंवा नसेचं. आवळलेल्या स्नायूआड दुखणं कमी झालं तर आतल्या अवयवाचं. कार्नेट नावाच्या सर्जनने १९२६ साली सांगितलेली ही युक्ती आहे. तिला एक रुपया लागत नाही आणि ती आजही कित्येक एमआरआय वाचवते.

त्यानंतर खालची तपासणी. कापसाची ओली काडी योनीमुखाभोवती घड्याळाच्या काट्यासारखी एकेका जागी हलकेच टेकवतात. कुठे टेकवल्यावर दचकायला होतं ते लिहून घेतात. मग एकच बोट, भरपूर जेली लावून, आत. गर्भपिशवीकडे जाण्याआधी डावी-उजवीकडच्या स्नायूंवर हलका दाब. ‘हेच, हेच ते दुखणं’ असं बाई कित्येकदा इथेच म्हणते. काहींच्या डोळ्यांत पाणी येतं, कारण इतकी वर्षं कोणी त्या जागेला हातच लावलेला नसतो. मूत्राशयाच्या बाजूला, गर्भपिशवीच्या मागे, असं क्रमाने तपासलं जातं. स्पेक्युलम (योनी उघडी धरायचं साधन) लागलंच तर शेवटी.

‘थांबा’ म्हटलं की थांबलंच पाहिजे. सोबत बाई हवी असेल तर मागा. तो तुमचा हक्क आहे.

मुलीचं लग्न झालेलं नाही. आतून तपासणार का?

तिच्या संमतीशिवाय नाही, आणि बहुतेक वेळा पहिल्या टप्प्यावर गरजही नसते. पोटावरची तपासणी, पोटावरून सोनोग्राफी आणि पुढे वाटलं तर एमआरआय, एवढ्यावर बरंच कळतं. एक विनंती मात्र आईंना: दोन मिनिटं बाहेर बसा. मुलगी आईसमोर सगळं बोलत नाही. ती काही लपवत असतेच असं नाही, पण आईसमोर तिला संकोच वाटतो.

एंडोमेट्रिऑसिस आहे की नाही हे दुर्बीण घातल्याशिवाय कळत नाही, असं सांगितलंय. खरं आहे?

पूर्वी तसंच शिकवायचे. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी हे बदललं: लक्षणं जुळत असतील तर आधी औषध सुरू करायला हरकत नाही. दुर्बीण राखून ठेवायची ती सोनोग्राफी-एमआरआयमध्ये काही न दिसलेल्यांसाठी आणि ज्यांना औषध लागू पडलं नाही किंवा चालणार नाही त्यांच्यासाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात प्रजननाच्या वयातल्या सुमारे १० टक्के बायका-मुलींना हा आजार आहे. इतक्या जणींच्या पोटात निदानासाठी दुर्बीण घालायची म्हटलं तर ऑपरेशन थिएटरं पुरणार नाहीत.

अनुभवी हातांनी केलेली आतून सोनोग्राफी चॉकलेट सिस्ट (अंडाशयातली एंडोमेट्रिऑसिसची गाठ) आणि खोलवरचा आजार चांगला दाखवते. ‘अनुभवी’ हा शब्द महत्त्वाचा. सीए-१२५ ही रक्ताची तपासणी निदानासाठी करू नये. ती थोडी वाढली की घरात कॅन्सरची भीती शिरते आणि महिनाभर कोणाला झोप येत नाही.

आजाराची ‘स्टेज’ आणि दुखणं यांचा मेळ बसत नाही, हेही लक्षात ठेवा. पहिल्या स्टेजची मुलगी गडबडा लोळते आणि चौथ्या स्टेजच्या बाईला मूल होत नाही म्हणून तपासलं तेव्हाच कळतं.

ऑपरेशन करायचं ठरलं तर ‘आधी बघू, मग ठरवू’ पद्धतीने नको. आतड्याला किंवा मूत्रनलिकेला आजार चिकटला असेल तर त्या अवयवाचा सर्जन टेबलाजवळ हवा, आणि हे आधीच्या एमआरआयवरून ठरलेलं हवं. केवळ ‘आत चिकटलंय ते सोडवू’ म्हणून वारंवार पोटात शिरणं मला पटत नाही. ‘लॅन्सेट’मध्ये २००३ साली छापलेल्या डच अभ्यासात १०० रुग्ण होते. निम्म्यांचं चिकटलेलं सोडवलं, निम्म्यांना फक्त दुर्बिणीने पाहून बाहेर आले. वर्षभराने दोन्ही गट सारखेच सुधारले होते. गर्भपिशवीमागची नस दुर्बिणीतून कापण्याचंही तसंच: ४८७ बायकांवरच्या, २००९ साली आलेल्या चाचणीत तिचा उपयोग दिसला नाही. तरी पॅकेजमध्ये हे अजून कुठेकुठे दिसतं.

‘लग्न करा, एक मूल झालं की थांबेल’ असं डॉक्टरच म्हणाले.

गरोदरपणात पाळी थांबते म्हणून काहींना तेवढा काळ बरं वाटतं. नंतर दुखणं परत येऊ शकतं, आणि आता कडेवर बाळ असतं. आजारावरचा उपाय म्हणून गर्भधारणा सुचवू नये, असं त्याच युरोपीय सूचनांत स्पष्ट लिहिलं आहे. मूल हवं म्हणून होऊ द्या.

हार्मोनच्या गोळ्या वर्षानुवर्षं घ्यायच्या?

एंडोमेट्रिऑसिस, ॲडिनोमायोसिस असेल तर बहुतेकींना दीर्घकाळ घ्याव्या लागतात, हो. डायनोजेस्ट रोज २ मिलिग्रॅम ही आपल्याकडे जास्त लिहिली जाणारी गोळी. पहिले काही महिने अधूनमधून डाग लागतात. इथेच निम्म्या जणी गोळी बंद करतात, कारण देव्हारा, सण, सोवळं सगळं अडतं आणि घरातून बोलणी बसतात. हे आधीच सांगून ठेवलं तर त्या टिकतात. मन उदास वाटू लागलं तर मात्र अंगावर काढू नका, कळवा. ही गोळी गर्भनिरोधक म्हणून मंजूर नाही, तेव्हा ती काळजी वेगळी घ्यायची. हार्मोनची टी (गर्भपिशवीत बसवतात ती) ॲडिनोमायोसिसला आणि जास्त अंगावरून जाणाऱ्यांना फार चांगली. पाळी पूर्ण बंद पाडणारी महिन्याची इंजेक्शनं थोड्या काळासाठी. त्यांनी हाडं झिजतात आणि गरम वाफा येतात, म्हणून लांबवायची झाली तर जोडीला हार्मोनचा छोटा डोस देतात.

वेदनाशामकांबद्दल एक: पाळीसाठी घरोघरी असते त्या मेफेनॅमिक ॲसिडबाबत भारतीय औषधसंहिता आयोगाने २०२३ च्या अखेरीस सावधगिरीची सूचना काढली होती. क्वचित अंगावर तीव्र पुरळ, ताप आणि आतल्या अवयवांना सूज येऊ शकते. घाबरून फेकून देऊ नका. पण महिन्याला पट्टीच्या पट्टी संपत असेल तर ती डॉक्टरांना दाखवायची वेळ झाली आहे.

एकदाची पिशवी काढून टाकली तर?

हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं, तेही ठरवून आल्यासारखं: ‘मॅडम, काढूनच टाका, कटकट जाईल.’

काहींची खरंच जाते. ॲडिनोमायोसिस आहे, अंगावरून खूप जातं, मुलं झाली आहेत, औषधं आणि टी दोन्ही करून पाहिलं, तर हे ऑपरेशन चांगलं आहे आणि मी ते करते. पण दुखणं स्नायूचं, मूत्राशयाचं किंवा नसेचं असेल तर पिशवी जाते आणि दुखणं तिथेच राहतं. एंडोमेट्रिऑसिस पिशवीच्या बाहेर असतो. पिशवी काढून तो मागे ठेवला तर तो दुखत राहू शकतो. आणि सोबत दोन्ही अंडाशय काढले तर पस्तिशी-चाळिशीतच रजोनिवृत्ती: हाडं, हृदय, झोप, सगळ्यावर परिणाम. मग हार्मोन द्यावे लागतात, जे कितीतरी जणींना कोणी सांगितलेलंच नसतं.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या बातम्या २०१९ साली बाहेर आल्या. राज्य सरकारच्या समितीने ८२,३०९ जणींची पाहणी केली, त्यांत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. उचल घेतलेली, कोयता नवरा-बायकोचा मिळून एक, खाडा झाला की मुकादम पैसे कापणार, फडात ना आडोसा ना पाणी. पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय म्हणून दवाखान्यात गेली की ‘कॅन्सर होईल’ ही भीती आणि ऑपरेशन. त्यांतल्या किती जणींना आधी साधी तपासणी आणि जंतुसंसर्गाचं औषध मिळालं होतं? २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला राज्यांना सांगितलं.

सही करण्याआधी विचारा: आजाराचं नाव काय? टी किंवा औषध आधी का नाही? अंडाशय ठेवणार का? स्नायू आणि मूत्राशय तपासलं का? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

दर महिन्याला लघवीचं इन्फेक्शन होतं. अँटिबायोटिक घेते, आठवडाभर बरं, परत तेच.

कल्चर (लघवीत जंतू वाढतात का ते पाहणारी तपासणी) किती वेळा केलं आणि त्यात जंतू किती वेळा निघाला, ते फाईलमध्ये शोधा. दर वेळी ‘नो ग्रोथ’ असेल तर ते इन्फेक्शन नसण्याची शक्यता मोठी आहे. मूत्राशय भरलं की दुखतं, लघवी झाली की बरं वाटतं, परत भरलं की परत दुखतं: हे मूत्राशयाच्या वेदनेचं लक्षण. त्यावर अँटिबायोटिकचा कोर्सवर कोर्स म्हणजे पोट बिघडवणं. चहा-कॉफी, लिंबूवर्गीय, टोमॅटो, तिखट महिनाभर कमी करून पाहा. लघवीचं अंतर हळूहळू वाढवायचं शिक्षण असतं. खालचे स्नायू सैल करायचे असतात. गरज पडली तर युरोलॉजिस्ट दुर्बिणीने आत व्रण आहे का पाहतात.

उलट सवयही पाहते मी: शिक्षिका, कंडक्टर, बाजारात बसणाऱ्या बायका, दिवसभर लघवी धरून ठेवणाऱ्या. शौचालयच नाही, असलं तर जाववत नाही. मुंबईत २०११ पासून बायकांच्या मोफत, स्वच्छ मुताऱ्यांसाठी चळवळ चालली ती उगीच नाही. वर्षानुवर्षं आवळून धरलेला स्नायू सोडायचंच विसरतो.

तिथली फिजिओथेरपी? म्हणजे काय करतात? आणि केगल करू का?

केगल (खालचे स्नायू आवळायचा व्यायाम) थांबवा. आधी कोणी तपासून ‘स्नायू सैल आहेत’ असं सांगितलं असेल तरच करा. ताठरलेल्या स्नायूला आणखी आवळायचा व्यायाम दिला की दुखणं वाढतं, आणि मोबाइलवर मात्र प्रत्येक बाईला केगलच सांगतात.

इथली फिजिओथेरपी म्हणजे पोटात खोल श्वास घ्यायला शिकणं (श्वास आत घेताना खालचा तळ सैल पडतो, हे आधी जाणवून घ्यायचं), नितंब आणि जांघेचे ताण काढणं, आणि तुमची तयारी असेल तर बोटाने आतल्या दुखऱ्या बिंदूंवर हळुवार दाब देऊन स्नायू सोडवणं. संबंधात दुखत असेल तर लहान-मोठ्या आकाराच्या डायलेटरचा (योनीत घालून स्नायू सैल करायच्या नळकांड्यांचा) सराव. शौचाला जोर न करता बसायचं कसं हेही शिकवतात. भारतीय पद्धतीची बैठक यात बरी, कमोड असेल तर पायाखाली पाट घ्या. पहिल्या दोन बैठकांनंतर दुखणं थोडं वाढू शकतं. तिथे सोडू नका.

अशा फिजिओथेरपिस्ट अजून थोड्या आहेत, मोठ्या शहरांत जास्त. लांब असाल तर दोन-तीन बैठका प्रत्यक्ष आणि बाकी व्हिडिओवर, असं अनेक जणी करतात.

डॉक्टरांनी जी गोळी दिली ती केमिस्ट म्हणाला डिप्रेशनची आहे. मी वेडी आहे का?

नाही. ॲमिट्रिप्टिलिन बहुतेक वेळा १० मिलिग्रॅम रात्री, इतक्या कमी डोसात नसांची चिडचिड कमी करायला देतात. डिप्रेशनसाठी डोस कितीतरी जास्त असतो. तोंड कोरडं पडतं, सकाळी जडपणा येतो, बद्धकोष्ठ होतो. दोन-तीन आठवडे दिल्याशिवाय निकाल लावू नये. गॅबापेंटिन मात्र सरसकट नको: ब्रिटनमधल्या ३०६ बायकांवरचा अभ्यास २०२० साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. दुर्बिणीत काही न सापडलेल्या या बायकांना रिकाम्या गोळीपेक्षा गॅबापेंटिनचा जास्त फायदा झाला नाही, गुंगी आणि चक्कर मात्र आली.

समुपदेशकाकडे पाठवलं तर रागावू नका. वर्षानुवर्षं दुखणाऱ्या माणसाची झोप आणि उमेद जाते, त्यावर इलाज केला की दुखणंही खाली येतं. काही जणींच्या मागे मारहाण किंवा लैंगिक अत्याचार असतो. तो विचारला जायला हवा, एकांतात.

कमरेत किंवा खाली इंजेक्शन देऊन नस बधिर करतात म्हणे?

बसल्यावर जळजळ, उभं राहिल्यावर आराम, कमोडच्या सीटवर विशेष त्रास नाही, रात्री दुखण्याने जाग येत नाही: हे चित्र प्युडेंडल नसेचं (लघवी-शौचाच्या जागेला संवेदना देणारी नस). तिथे ब्लॉक देतात. निदानही पक्कं होतं, आरामही मिळतो, पण तो काही तास ते काही आठवडे असू शकतो. त्या खिडकीत फिजिओथेरपी करून घ्यायची, नाहीतर इंजेक्शनाचा पैसा वाया. पोटाच्या भिंतीतल्या नसेला तर साध्या ओपीडीत, भुलीचं औषध नेमक्या जागी देऊन काही मिनिटांत फरक कळतो.

टीबीचं औषध सुरू करा म्हणतात.

आपल्याकडे जननेंद्रियांच्या टीबीची शंका ठेवावीच लागते, विशेषतः मूल राहत नसेल, पाळी कमी होत गेली असेल, घरात टीबी झालेला असेल तर. पण फक्त एक पीसीआर पॉझिटिव्ह आला म्हणून सहा महिन्यांचं औषध, हे घाईचं. गर्भपिशवीच्या अस्तराचा तुकडा, त्याची बायोप्सी, कल्चर आणि सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधणारी जनुकीय तपासणी) यांची जोड हवी. औषध लागलंच तर ते सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतं आणि मधेच सोडायचं नसतं.

पुरुषांना हे होतं का?

होतं. अंडकोष आणि शौचाच्या जागेच्या मधे, लिंगाच्या टोकाला, जांघेत दुखतं, वीर्यपतनानंतर वाढतं, मोटारसायकलवर बसवत नाही. चिठ्ठीवर ‘प्रोस्टेटायटिस’ (प्रोस्टेट ग्रंथीची सूज) लिहिलेलं असतं आणि महिनोन्‌महिने अँटिबायोटिक चालू. प्रोस्टेटायटिसच्या चार प्रकारांपैकी तिसरा, म्हणजे जंतू नसलेला, हाच सगळ्यात जास्त आढळतो. त्याचे उपाय बायकांच्या उपायांसारखेच: स्नायू सैल करणं, नसेचं औषध, लघवीचा त्रास असेल तर त्याची गोळी, मनावरचा ताण उतरवणं. ‘धात गेली म्हणून झालं’ ही भीती पुष्कळांच्या मनात असते. ती वैदूच्या जाहिरातीत नेऊन सोडते, पैसे जातात आणि दुखणं राहतं. युरोलॉजिस्टला मोकळेपणाने सांगा.

खाण्यात काय पथ्य?

पोट फुगणं, जुलाब-बद्धकोष्ठ आलटून पालटून असेल तर चार-सहा आठवडे कांदा, लसूण, गहू, काही डाळी-कडधान्यं बाजूला ठेवून फरक बघतात आणि मग एकेक परत आणतात. मराठी स्वयंपाकात कांदा-लसूण सोडलं तर फोडणीला उरतं काय, हा प्रश्न रास्त आहे. हिंग चालतो (तोही गव्हाच्या पिठाशिवायचा). कायमचं सोडायचं नाही. बाकी ‘थंड-गरम’चं पथ्य पाळून बरं वाटत असेल तर पाळा, माझी ना नाही. नाव नसलेली पुडी मात्र कोणाकडूनही घेऊ नका.

खर्च किती, विमा चालतो का?

बहुतेक विम्यांत ओपीडी, फिजिओथेरपी आणि समुपदेशन बसत नाही, ऑपरेशन बसतं. या विचित्र हिशेबामुळेही लोक ऑपरेशनकडे ढकलले जातात, असं मला वाटतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनाही दाखल होऊन होणाऱ्या ठरावीक उपचारांसाठीच आहे. तुमचं ऑपरेशन यादीत आहे का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला तारखेआधी विचारा.

वाट न बघता ताबडतोब कधी यायचं?

पाळी चुकली आहे आणि एका बाजूला अचानक तीव्र कळ. ताप, थंडी आणि घाण वास येणारं पांढरं. लघवी अडली आणि मांड्यांच्या मधे बधिर वाटतंय. हे त्याच दिवशी, रात्र असली तरी.

या आठवड्यात दाखवावं असं: पाळी गेल्यानंतर रक्त, संबंधानंतर रक्त, लघवी किंवा शौचात रक्त, वजन उतरणं, पन्नाशीनंतर नव्याने पोट फुगणं.

पूर्ण बरं होईल का?

काहींचं होतं. बऱ्याच जणींचं दुखणं दहापैकी आठवरून तीनवर येतं, आणि त्या तीनमध्ये नोकरी, प्रवास, संबंध, झोप सगळं बसतं. लागणारा वेळ महिन्यांत मोजायचा. ‘एका इंजेक्शनात कायमचं’ म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी चार दिवस थांबा.

भेटीला येताना काय आणू?

जुने सगळे कागद तारखेप्रमाणे लावून. आधी ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्डापेक्षा ऑपरेशनची नोंद, बायोप्सीचा रिपोर्ट आणि दिली असेल तर सीडी जास्त मोलाची. ती मागून घ्या, तुमचीच आहे.

आणि एक वही, महिनाभराची. अशी:

‘३ तारीख, पाळीचा दुसरा दिवस. सकाळी उठताना ६, उजवीकडे, मांडीपर्यंत. शौचाला बसले तेव्हा ८. एक गोळी, तासाभरात ४. दुपारी बँकेत दोन तास खुर्चीवर, संध्याकाळी ७. लघवी ११ वेळा. झोप लागली.’

एवढ्या ओळींत मला तीन गोष्टी दिसतात. पाळीत शौचाला दुखतंय, म्हणजे गर्भपिशवीच्या मागची जागा नीट बघायला हवी. बसून वाढतंय पण रात्री झोप लागते, म्हणजे स्नायू किंवा नस. लघवी अकरा वेळा, म्हणजे मूत्राशयाचंही विचारायचं. गोळीने चारपर्यंत येतंय, हेही कामाचं. आकडे अंदाजाने चालतील, अक्षर कसंही चालेल. मोबाइलवर लिहिलं तरी प्रिंट नको, दाखवलंत तरी पुरे.